सहाव्या भागापासून

१४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोहोचले. तसं फोनवर सांगितलं होतंच, पण फोनवर आपण दोघी ‘जेवलीस का’ आणि ‘हो जेवले’ यांच्या पुढे कधी गेलेलो नाही. बाबा फोन हातात घेऊन दोन्ही बाजूंचं स्वतःच बोलून टाकायचे. आता मध्ये ते नाहीत, म्हणून लिहायला बसले.

वसतिगृहाच्या बाईंनी खोलीची किल्ली देताना चौकशी केली. घरी आता कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, मावशी. आईची बहीण का, असं त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं की नाही, वडिलांची दुसरी पत्नी, मी बारा वर्षांची असल्यापासून त्या आमच्याकडे आहेत. त्यावर त्या हळहळून म्हणाल्या, म्हणजे आता घरी तसं कुणी नाही. मी पिशव्या उचलल्या आणि जिना चढले. पण ते वाक्य माझ्या मागोमाग वर आलं.

ग्रंथालयात माझ्या रजेतली परत आलेली पुस्तकं तशीच ढिगात पडली आहेत. मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्य ग्रंथपाल) मला कुमारांच्या दालनाचं काम कायमचं दिलं आहे. तिथे एकमेकींना जोडलेल्या मालिका खूप, आणि मुली कुठलाही भाग कुठूनही उचलतात. मी प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची पट्टी चिकटवायचं ठरवलं आहे. निदान या एका गोष्टीत तरी सुरुवात सुरुवातीला असावी. मोठ्या बाई म्हणाल्या, हौस आहे तर कर. मला ती हौस वाटत नाही, मावशी. आमच्या घरात पुस्तक वाचायचं कसं हे सांगणारं कुणी नव्हतं. कॉलेजात मी सगळं उलटसुलट शिकले आणि मग निस्तरत बसले. दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये.

कारखान्याची क्वार्टर सप्टेंबरअखेर रिकामी करायची आहे, हे विसरू नका. आधी कारखान्यातली बाबांच्या पैशांची कामं उरका, मग भांडीकुंडी, मग कपडे. मामा बहीण म्हणून तुम्हाला त्यांच्याकडे चला म्हणत होते. मला वाटतं तेच बरं. मी वसतिगृहात, इथे पाहुणीला एक रात्रही ठेवू देत नाहीत. तुम्ही काय ठरवता ते कळवा.

पाय सुजले असतील तर उशीवर ठेवून पडत जा. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपली,
मास्तरीण


२३ जून

चि. मास्तरणीस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. खाली ‘मास्तरीण’ अशी सही बघून बरं वाटलं. मला वाटलं होतं, हे नाव तुझे बाबा बरोबर घेऊन गेले. चौथीत असताना तू त्यांना ‘बॉयलर’ नीट लिहायला शिकवलंस, तेव्हापासूनचं ना ते? बॉयलरवर जन्म काढलेल्या माणसाला. मला कितीदा सांगितलं असेल त्यांनी.

मी बरी आहे. दमते. काही न करता दमते, हे नवीन आहे. सकाळी चहा टाकते तो दोन कपांचा होतो आणि मग दोन्ही मलाच प्यावे लागतात. मशीनवर गणवेशाचं काम घेतलं आहे. एक बाही झाली की खिडकीतून बघत बसते, मग दुसरी.

कारखान्यातली कामं निम्मी झाली. माझा भाऊ येऊन गेला. त्याच्या खाणावळीतला स्वयंपाकी सोडून गेलाय, त्यामुळे माझी आठवण त्याला सध्या फारच येते. घरभर हिंडून काय न्यायचं नि काय नाही ते त्यानेच सांगितलं. मशीन नको म्हणाला, तिथे वेळ कुठे मिळणार. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. चहा दिला.

आता एक गंमत सांगते, हसू नकोस. मी तुझं पुस्तक वाचलं. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसायचं, तर येणाराजाणारा विचारायचा, आता कसं आहे, डॉक्टर काय म्हणतात. तेच तेच सांगून तोंड दुखायचं. मग एक दिवस तुझ्या फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक पिशवीत टाकून नेलं. हातात पुस्तक असलं की माणसं विचारत नाहीत, ही विद्या मला इतक्या वर्षांनी कळली. पहिले पुष्कळ दिवस मी एकच पान धरून बसायची. पण हे गेले तेव्हा अर्धं राहिलं होतं. अर्धं काही टाकवेना, म्हणून घरी पुरं केलं.

ते ज्यात नद्या माणसांचं ऐकतात ते. राजकन्या आणि शत्रूकडचा नकाशे काढणारा पोरगा यांचं जमतं. पोरगा गोड आहे, पण बोलतो फार. मला आवडली ती किल्ल्यातली कारभारीण. शेवटी ती दोघांना मागच्या दारातून जाऊ देते, आणि मग पळून न जाता पायातले जोडे काढून पायरीवर बसून राहते, शिपाई येईपर्यंत. ते मी दोनदा वाचलं.

मात्र एक कळलं नाही. त्यात जो तो कुणा नावाड्याच्या मुलीची आठवण काढून रडतो. ती कोण? सगळ्यांना माहीत आहे, एकट्या मलाच नाही, असं वाटत राहिलं. तेवढं सांग.

तुझ्या जेवणाची आबाळ करू नकोस. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.

मावशी


१ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी खरंच डोक्याला हात लावला. मावशी, तुम्ही सहावा भाग वाचलात! सहावा म्हणजे शेवटचा. त्याच्या आधी पाच आहेत. पहिले तीन भाग ही एक मालिका, नंतरचे तीन ही दुसरी, पहिलीच्या अठरा वर्षांनंतरची. नावाड्याची मुलगी पहिल्या मालिकेची नायिका. तिचं आणि पंखवाल्या राजपुत्राचं प्रेम हाच तर सगळ्याचा पाया आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी पूर उतरावा म्हणून ती स्वतःला नदीच्या हवाली करते. मागे राहिलेलं तिचं तान्हं बाळ म्हणजे तुमची राजकन्या. आता हे मी सांगून टाकलं, पण न सांगून काय उपयोग होता? तुम्हाला तो धक्का आता कधीच बसणार नाही. मी तो बसल्यावर दोन दिवस जेवले नव्हते.

आणि ती कारभारीण तुम्हाला कशी काय आवडली? पहिल्या भागात तिनेच मत्सरापोटी शत्रूला नावा कुठे बांधल्यात ते सांगितलं. नावा जळल्या आणि त्यात नायिकेचा बाप गेला. मग नायिका गेल्यावर हीच किल्ल्यात येऊन सगळ्या किल्ल्या कमरेला लावून बसली. शेवटी एक दार उघडलं म्हणून सगळं माफ होत नाही. तुम्ही पायापासून वाचलं असतंत तर तुम्हाला तिचा रागच आला असता.

फळीवर चौथा आणि पाचवा आहेत. पहिले तीन माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. ते आईने आणले होते, आम्ही दोघी मिळून वाचायचो. ते राहू देत. तुम्ही फार तर चौथा वाचा, मग पाचवा, आणि सहावा पुन्हा.

इथे पट्ट्या चिकटवण्याचं काम सुरू आहे. दिवसभर उभी असते. संध्याकाळी खोलीत आल्यावर कपडे बदलायचंही जिवावर येतं. परवा एक मुलगी पाचवा भाग घेऊन आली, तिला मी पहिला आणायला परत पाठवलं. पहिला कुणीतरी नेलेला होता. ती काहीच न घेता गेली. मोठ्या बाई काचेतून बघत होत्या.

मामांचं मनावर घ्या. ते शेवटी तुमचे सख्खे आहेत. अशा वेळी आपल्या माणसांत असावं. मला इकडे तुमची काळजी राहणार नाही. तुमच्या लोभावर माझा हक्क धरून आहे.

आपली,
मास्तरीण


१० जुलै

चि. मास्तरणीस,
अ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. मी ठीक आहे.

चौथा वाचला, पाचवा वाचला. पेटीला हात लावलेला नाही. केर काढताना मी तिच्या अलीकडून काढते, हे तुला ठाऊक नसेल. या घरात आले तेव्हापासून तसंच आहे.

आपल्या माणसांत असावं, असं लिहिलंस. ते वाचून जरा वेळ मशीन बंद ठेवलं. भावाला निरोप पाठवला आहे की सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. मशीन विकून टाकीन. तुझी पुस्तकं, पेटी आणि तुझ्या बाबांचं घड्याळ बांधून तुझ्या पत्त्यावर पाठवीन, म्हणजे तुला यायची दगदग नको.

कारभारणीचं म्हणशील तर तिने पूर्वी काय केलं ते मला माहीत नव्हतं, हे खरं. मला दिसली ती चाळिशीची बाई. पोर रुसून किल्ल्याच्या कोणत्या कोपऱ्यात जाते ते तिला नेमकं माहीत असतं, आणि तिथे ती स्वतः जात नाही, दिवा तेवढा ठेवायला सांगते. असं चौथ्या भागात तीनदा आहे. राजकन्येला वाटतं, दिवा तिथे असतोच.

मला तुझ्यासारखं बोलता येत नाही. वाचलं ते सांगितलं.

प्रकृतीला जप. लोभ असू दे.

मावशी


१९ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एका पानाचंही नव्हतं. मी ते उलटून बघितलं, मागे काही आहे का म्हणून. तुम्ही रागावला आहात का? रागावला असाल तर तसं लिहा. तुमचं ‘ठीक आहे’ मला कळत नाही. बाबा ते ऐकून लगेच बाहेर जायचे आणि काहीतरी आणायचे. मला तेवढं येत नाही.

मी तुम्हाला मामांकडे ढकलते आहे असं त्या पत्रातून दिसलं असेल. लिहिताना मी इतकी दमले होते की तुमचं नीट लागलं म्हणजे एक काम संपलं, असं वाटत होतं. तुम्ही म्हणजे काम नव्हे. पण तुम्ही तिथे गेलात की खाणावळीत उभ्याच्या उभ्या राहाल, आणि मग माझं सुट्टीत जायचं ठिकाण कुठलं, हा विचार पत्र टाकून आल्यावर सुचला. तोही माझ्याच सोयीचा.

एक सांगायचं आहे. परवा मोठ्या बाईंनी मला बसवून घेतलं. रागावल्या नाहीत, चहाच मागवला. त्या म्हणाल्या, पोरी, पट्ट्या लाव, छान दिसतात, पण माझ्या दालनातून मूल रिकाम्या हाताने जाता कामा नये. पहिला भाग नेहमी कुणीतरी नेलेलाच असतो. मी म्हटलं, मधूनच वाचलं तर कळणार कसं? त्या म्हणाल्या, मी तर इथे मधूनच आले, तेव्हा निम्मी माणसं निवृत्त झालेली होती, मला कुठे काय कळलं होतं. असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि मला कामाला पाठवलं.

आणि तो दिवा. मी चौथा भाग कितीदा वाचला असेल. दिवा कुणी ठेवायला सांगितला ते मला आठवतच नाही.

तुम्ही पेटी उघडा. किल्ली देवळीत, जुन्या टॉर्चच्या डब्यात आहे. पहिले तीन वाचा. बांधून पाठवण्याआधी वाचा. घाई नाही. मशीन इतक्यात विकू नका.

लोभ कमी झाला असेल तर तो पुन्हा पूर्ववत व्हावा, ही खरीखुरी विनंती.

आपली,
मास्तरीण


६ ऑगस्ट

चि. मास्तरणीस,
अ. आ. वि. वि.

रागावले नव्हते. लागलं होतं. दोन्हींत फरक आहे. आता नाही.

किल्ली दोन दिवस पदरात बांधून हिंडले. मग रविवारी दार आतून लावून घेतलं, जशी काही चोरीच करायची होती, आणि पेटी ओढली. वर तुझ्या आईचं एक लुगडं होतं, ते बाजूला ठेवलं. खाली तिन्ही पुस्तकं, कापडाची वेष्टणं शिवलेली.

मास्तरणी, तुला एक विचारू? ती वेष्टणं तिनेच शिवलेली का? तुला तेव्हा सुई धरायची अक्कल नव्हती, म्हणजे तिनेच. इतकी वाकडी शिवण मी जन्मात पाहिली नाही. एक टाका इकडे, एक तिकडे. कोपरे दुमडायच्या ऐवजी गोळा करून टाकलेत. तिसऱ्या भागाला तर कापड पुरलंच नाही, मग दुसऱ्याच कापडाचा तुकडा जोडला आहे, तोही उलटा. मी पेटीपाशी बसून हसले. मग रडले आणि पुन्हा हसले. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पुस्तक वाचते आहे.

तुला कसं सांगू. दहा वर्षं मी ऐकते आहे, तिच्या हाताला चव होती, तिचा आवाज गोड होता, ती कधी तोंडातून वाकडा शब्द काढायची नाही. तुझे बाबा बोलायचे नाहीत, पण गप्प बसायचे तेही तिच्याबद्दलच असायचं. मला वाटायचं, त्या बाईला येत नव्हतं असं काही नव्हतंच. आणि तिला सरळ शिवता येत नव्हतं! मला ती त्या दिवशी पहिल्यांदा आवडली. भेटली असती तर मी तिला वेष्टणं शिवून दिली असती, आणि तिने मला काहीतरी सुनावलं असतं.

तिन्ही भाग वाचून झाले. तू म्हणालीस तसा मला धक्का बसला नाही. पण नावाड्याची मुलगी हसायला लागली की मला वाटायचं, हस बाई, हसून घे. ती नवीन चप्पल घेते, भांडते, राजपुत्राला नाही म्हणते मग हो म्हणते, आणि मला तिचं पुढचं सगळं ठाऊक. तुला धक्का दोन दिवस पुरला. मला तिन्ही पुस्तकं भरून पुरला.

आणि कारभारीण. अठरा वर्षांची, नटवी, मत्सरी, अगदी नको वाटावी अशी. नावांचं सांगून टाकते तेव्हा मलाही तिचा संताप आला. पण मी तिला आधी पायरीवर बसलेली पाहून आले होते. मनात म्हटलं, पोरी, काय करून बसलीस, पुढे तुझे पाय फार दुखणार आहेत गं. तू तिला आधी तरुणपणी पाहिलंस, मग ती चाळिशीला आली तरी तुला तीच दिसत राहिली. तुझा क्रम बरोबरच आहे, पट्ट्या लाव. पण तुझ्या क्रमाने वाचलं असतं तर मलाही ती कधी आवडली नसती.

तुला पटलं नाही तरी चालेल. मला ‘तुम्ही’ म्हणणारी या जगात तू एकटी आहेस, तेवढ्यावरच मी बरीच वर्षं काढली आहेत.

भाऊ रोज फोन करतो. मशीन अजून आहे. गिऱ्हाईक आलं होतं, मी भाव जास्त सांगितला आणि त्याला घालवला. का ते मला माहीत नाही.

वेष्टणं काढून नीट शिवू का, असं एकदा मनात आलं. मग तशीच ठेवली. लोभ माझ्याकडूनही आहे, तो कसा दाखवायचा ते तेवढं जमत नाही.

मावशी


२० ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हो, आईनेच शिवली. मी कापड धरलं होतं. ती म्हणायची, पुस्तक आत आहे ना, मग झालं. हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तुमचं पत्र मी तीन-चारदा वाचलं. तिच्याबद्दल कुणी हसून लिहिलेलं असं पहिलंच.

मी ग्रंथालयातली प्रत घेतली आणि सहाव्या भागापासून सुरुवात केली, तुमच्यासारखी. मुद्दाम आठवायचं नाही असं ठरवून. जमत नाही पूर्ण, पण थोडं जमतं. कारभारणीची पानं मी पूर्वी भराभरा उलटायचे, हे वाचताना लक्षात आलं, कारण तिथलं एकही वाक्य ओळखीचं वाटेना. ती राजकन्येला कधी काही विचारत नाही. राजकन्येला वाटतं, हिला माझं काही पडलेलं नाही. मला वाटायचं, बरोबर आहे.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा मी पहिले तीन भाग वाचून बसलेली होते. पुस्तकाचं म्हणत नाही, आईचं म्हणते. तुमचं पुढचं काय झालं, पाय केव्हा दुखायला लागले, बाबांच्या आजारात तुम्ही कुठे आणि किती वेळ बसायचात, ते वाचायला मी कुठे होते? मी कॉलेजात होते, मग नोकरीत. मी घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरायचे. माझ्या फीच्या वर्षी तुम्ही किती गणवेश शिवलेत, ते कुणी सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

आता कामाचं. मी वसतिगृह सोडते आहे. ग्रंथालयापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या मिळाल्या आहेत. एक मोठी, एक लहान. लहान खोलीत नळ गळतो, तो दुरुस्त करून देतो, असं दुकानदार म्हणाले आहेत. मोठ्या खोलीला रस्त्याच्या बाजूने खिडकी आहे आणि तिच्याखाली मशीन बसतं. मी पावलांनी मोजलं, मग दुकानदारांची मोजपट्टी आणून पुन्हा मोजलं. पलीकडच्या गल्लीत शाळा आहे, म्हणजे गणवेश आलेच.

तुम्ही माझ्याकडे या. तुमची सोय व्हावी म्हणून बोलावते आहे असं समजू नका, आणि बाबांचं केलंत त्याची परतफेड म्हणून तर मुळीच नाही. खरं सांगते. इथे बाबांना ओळखणारं कुणी नाही. ते वर्तमानपत्र कसं घडी घालायचे, चिडले की शिट्टी कशी वाजवायचे, हे मी कुणाला सांगायला गेले तर पहिल्यापासून समजवावं लागतं, आणि तेवढं समजवण्याचं त्राण माझ्यात नाही. तुमच्यापुढे मला नुसतं ‘शिट्टी’ म्हटलं तरी चालेल. असं माणूस मला जगात एकच उरलं आहे, आणि ते खाणावळीत पोळ्या लाटायला निघालं आहे.

मामांना वाईट वाटेल. माझा त्यांच्याशी वाद नाही. पण तुम्ही मला विचारलंत तर माझं म्हणणं हे आहे, आणि विचारलं नाहीत तरी हेच आहे.

नाही म्हणालात तरी मी खोल्या घेणार आहे. मोठी खोली मग रिकामी राहील. उत्तर लवकर यावं. लोभ मागत नाही, तो आहे हे आता मला दिसलं आहे.

तुमची,
मास्तरीण


२९ ऑगस्ट

चि. मास्तरणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी भाऊही आला होता, टेम्पो ठरवायला. त्याच्यासमोरच वाचलं. त्याने विचारलं, काय म्हणते पोरगी. मी सांगितलं, बोलावते आहे. तो म्हणाला, सख्खा भाऊ सोडून सावत्र पोरीकडे जाणार, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, सख्खा आहेस म्हणूनच तोंडावर सांगते आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, पण तुझ्या पंचवीस जणांच्या पोळ्या काही लोक येऊन लाटणार नाहीत. तो रागावून गेला. चहा न घेता गेला, म्हणजे खरंच रागावला. येईल ताळ्यावर. नवा स्वयंपाकी मिळाला की माया परत येईल.

तर मी येते. टेम्पो मीच ठरवला आहे, भावाने बघून ठेवलेलाच, पण दिशा बदलून. मशीन, माझी ट्रंक, तुझी पेटी, मोठी दोन पातेली. पलंग शेजारणीच्या लेकीला दिला, तिचं नवीन बिऱ्हाड आहे. तुझ्या बाबांचे कामाचे बूट काय करायचे ते कळेना. ते बरोबर घेतले आहेत. तिथे गेल्यावर दोघी मिळून ठरवू, किंवा नाही ठरवणार.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून कुरबूर नको. माझी कमाई माझी राहील आणि घरात निम्मं मी घालीन. तू मला शिकवायला बसणार असशील तर रोज थोडं चालेल, पण जेवताना नाही. मी घोरते. तुझ्या बाबांनी हे तुला कधी सांगितलं नसणार, भला माणूस होता. आणि कुणी विचारलं, या कोण, तर सगळा इतिहास सांगत बसू नकोस. मावशी म्हण आणि पुढचं बोल.

परवा क्वार्टरच्या या दोन खोल्या झाडताना फार थकवा आला आणि मी मधेच भिंतीला टेकून बसले. तेव्हा कळलं की हा थकवा आजचा नाही. ते आजारी पडल्यापासून मी एक कान उघडा ठेवून पडायची. कधी हाक येईल, कधी खोकला. ते गेले तरी तो कान मिटत नाही. मांजर चाललं तरी उठून बसते, आणि मग आठवतं की आता उठायचं कशासाठी.

तेव्हा एक मागणं आहे. तिथे आल्यावर मशीन लागलं की मी आडवी होणार आहे. दाराला कडी तू लाव. दिवा तू घालव. दूध, पाणी, कोण आलं कोण गेलं, ते तू बघ. घरात दुसरं कुणी जागं आहे असं कळलं की मिटेल बहुतेक तो कान. एक दिवस लागेल की आठवडा, ते मला सांगता येत नाही.

मला उठवू नकोस.

येतेच आहे, तेव्हा लोभाचं समोर बघू.

तुझी,
मावशी